असली तरी

सगळ्यांची नावं वाचून झाली होती. चाळीस मुलं, चाळीस नावं. फाटकावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याने यादीवर शेवटची खूण केली, पेन खिशाला लावलं आणि बसच्या ड्रायव्हरला आत जायचा इशारा केला. तेवढ्यात आमचे सर पुढे झाले.

"एक मिनिट," ते म्हणाले.

त्यांनी बॅगेतून एक पाकीट काढलं. मागे वळून माझं नाव घेतलं. पूर्ण. आडनावासकट. कॉलेजात सगळे मला अर्ध्याच नावाने हाक मारायचे. अख्खं नाव फक्त परीक्षेच्या हॉल तिकिटावर असायचं.

"तू जरा पुढे ये."

मी रांगेतून बाहेर आले. सरांनी माझ्या खांद्यामागे हात धरला. टेकवला नाही, नुसता धरला. आणि पाकिटातलं पत्र त्या अधिकाऱ्यापुढे करून आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाले, "ये लडकी का जिम्मेदारी मैं लेता हूँ. पर्सनली."

अधिकाऱ्याने पत्र उघडून वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पत्राकडे.

"जरूरत नहीं है साब. सबका नाम क्लिअर है."

"फिर भी रखो. रेकॉर्ड के लिए."

त्याने खांदे उडवले आणि पत्र यादीला टाचणीने लावून टाकलं. रांगेत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे समजूतदारपणे जमिनीकडे बघत होते, घरात कोणी आजारी असल्यावर पाहुणे बघतात तसे. सर माझ्याकडे वळले.

"काळजी करू नकोस. मी आहे."

आणि मी म्हणाले, "थँक यू, सर."

हे सगळं मी लिहितेय ते त्या तीन शब्दांसाठी. सरांनी केलं ते सरांचं. हे तीन शब्द माझे आहेत. कोणी पकडून माझ्या तोंडून वदवले नव्हते. मी आपणहून म्हणाले, वर हसलेही. बरीच वर्षं झाली. अजून कधी भाजी निवडताना, कधी सिग्नलला गाडी थांबवलेली असताना ते आठवतं आणि कान तापतात.

आम्ही पुण्याहून गेलो होतो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा वर्ग, त्यात तीन मुली. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढे छोटी गाडी, मग बस. पूर्व किनाऱ्यावर रॉकेट सोडतात ते केंद्र बघायला. आमचे सर विभागप्रमुख होते आणि भले गृहस्थ म्हणून त्यांची ख्याती होती. ती खोटी नव्हती. गरीब मुलांना ते स्वतःची पुस्तकं द्यायचे. कोणाला वेळेवर खोली मिळाली नाही तर घरी ठेवून घ्यायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला ते दुष्ट वाटतील. दुष्ट माणसाला तोंड देणं त्या मानाने सोपं.

मी खडकीची. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढले. आमचं घराणं पुण्यात किती पिढ्या आहे ते अब्बांनाही सांगता येत नसे. त्यांचे आजोबा लष्करातल्या घोड्यांची खोगिरं शिवायचे, एवढंच माहीत. अब्बा फिलिंगला होते. फिलिंग म्हणजे जिथे तोफगोळ्यात दारू भरतात तो विभाग. त्यांच्या कामाच्या कपड्यांना धातूचं एक बटण नसे, सगळ्या नाड्या. खिसा नाही. तळहात कायम पिवळट. पाहुण्यांकडे जेवताना लोक त्या हातांकडे बघायचे आणि कावीळ झाली का विचारायचे.

आणि त्यांची एक सवय होती. फिलिंगच्या प्रत्येक खोलीच्या दाराशी भिंतीत तांब्याची पट्टी असते. आत शिरण्याआधी तिला हात टेकवायचा. अंगात साठलेली वीज जमिनीत जाते. नाही टेकवला आणि ठिणगी पडली, तर पुढचं बोलायला कोणी उरत नाही. बावीस वर्षं हे केल्यावर अब्बा घरी येतानाही दाराशेजारच्या नळाच्या लोखंडी पाइपला तळवा लावूनच आत यायचे. दर्ग्यात जाताना, दवाखान्यात जाताना, शाळेत माझा निकाल घ्यायला येताना, जे लोखंड सापडेल त्याला. आम्ही भावंडंही तसंच करायचो. शेजारचे म्हणायचे, "नळाला सलाम करतात हे लोक."

लहानपणी मला त्याचं काही वाटत नसे. कॉलेजात गेल्यावर वाटायला लागलं.

कॉलेजात मला त्रास कोणी दिला नाही. माझं मराठी ऐकून लोक खूश व्हायचे. अनघा नावाची माझी मैत्रीण होती, सदाशिव पेठेतली, जिवाभावाची. पहिल्या वर्षी ती म्हणाली, "अगं, तू अजिबात वाटत नाहीस हं."

"काय वाटत नाही?"

"म्हणजे, ते. तुमच्यातली."

तिला ते कौतुक वाटत होतं. मलाही वाटलं. मी घरी जाऊन आरशात पाहिलं आणि मनाशी म्हटलं, खरंच नाही वाटत. तेव्हापासून मी न वाटण्याचा अभ्यास चालू केला. डब्यात काय आहे ते आधी उघडून बघायचे. ईदच्या दुसऱ्या दिवशी मेंदी दिसू नये म्हणून हात घासायचे. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता, तिथे मी 'डिफेन्स' लिहिलं. खोटं नव्हतं. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खांद्यावर चांदण्या लावलेला माणूस उभा राहावा, ही माझी इच्छा होती. तसाच तो राहिला.

तर फाटकातून आत गेलो. आत सुरूची झाडं, खारट वारा, लांबवर लोखंडी मनोरा. मुलं खिडक्यांना चिकटली. मी ते सगळं पाहिलं की नाही कोण जाणे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती, पत्रात काय लिहिलं असेल. अनघा शेजारी बसली होती. तिने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "सर किती चांगले आहेत ना!"

"हो ना," मी म्हणाले.

दुपारी आम्हाला घन इंधन भरतात त्या इमारतीकडे नेलं. त्या दिवशी तिथलं काम बंद होतं, म्हणूनच नेलं. दाखवायला तिथलेच एक इंजिनिअर होते. पन्नाशीचे, तमिळ, सावकाश इंग्रजी बोलणारे. दाराशी ते थांबले, मुलांची वाट बघत. मी पुढे होते. दाराच्या उजवीकडे, कमरेच्या उंचीवर, भिंतीत तांब्याची पट्टी होती.

मी हात टेकवला. अख्खा तळवा. आपण काय करतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही. घरात शिरताना चपला काढतो तसा तो हात गेला.

ते इंजिनिअर बघत राहिले. मग इंग्रजीत म्हणाले, "हे तुला कोणी शिकवलं?"

मी पटकन हात काढून घेतला.

"आमची नवी माणसं शिकवूनही विसरतात. आठवलं तर बोटाचं टोक लावतात. तू तळवा टेकवलास. घरी कोणी या कामात आहे का?"

चाळीस जणांचं लक्ष माझ्याकडे. येताना गाडीत एक मुलगा म्हणाला होता, "हिला रॉकेटपासून जरा लांब उभं करा रे." सगळे हसले होते, मीही हसले होते. आणि फाटकावर टाचणी लावलेलं ते पत्र. माझ्या नावाशेजारी दारूगोळा हा शब्द ठेवला तर काय होईल, याचा हिशेब मी क्षणात केला. दुसऱ्या कोणाचा बाप दारू भरत असता तर ती देशसेवा झाली असती. माझ्या बापाची मला त्या दारात भीती वाटली. जो माणूस बावीस वर्षं जीव मुठीत धरून या देशाच्या तोफा भरत होता, त्याची.

"नो, सर," मी म्हणाले. "पुस्तकात वाचलं होतं."

"कुठल्या पुस्तकात?"

मला एकाही पुस्तकाचं नाव सुचेना. आमचे सर मागून म्हणाले, "शी इज अ व्हेरी ब्राइट स्टूडंट." त्या गृहस्थांनी माझ्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं.

"चांगलं पुस्तक आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

मी आत जाऊन काय पाहिलं ते मला आजही सांगता येणार नाही. लाज कशी असते हे मला तोवर माहीत नव्हतं. कमी मार्क पडल्याची, फाटक्या चपलेची, ती वेगळी. फाटकावर दुसऱ्याने मला वेगळं काढलं होतं. इथे मीच अब्बांना वेगळं काढलं.

निघताना सरांनी सगळ्यांना गोळा करून एक बातमी दिली. उन्हाळ्यात त्या केंद्रात कॉलेजच्या दोन मुलांना सहा आठवड्यांचं ट्रेनिंग मिळणार होतं. नावं सर पाठवणार. वर्गात पहिली मी होते. मला ते ट्रेनिंग हवं होतं. इतकं हवं होतं की परतीच्या गाडीत मी मनात अर्जाची वाक्यं जुळवत होते. सर डब्यातून फिरत आले, माझ्यापाशी थांबून म्हणाले, "तुझं नाव पक्कं समज. पत्र मी देईनच." मी पुन्हा थँक यू म्हणाले. दुसऱ्यांदा ते जास्त सहज आलं.

घरी आले तेव्हा अब्बा ड्युटीवरून नुकतेच आले होते. हातपाय न धुताच समोर बसले. घरात आम्ही दखनी बोलतो. इथे मराठीत सांगते.

"पट्टी होती?"

"होती."

"दाराच्या कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"हात लावला?"

"लावला."

ते खुलले. अम्मीला हाक मारली, "ऐकलंस का? रॉकेटवाल्यांकडेही आमच्यासारखीच पट्टी आहे." मग मला म्हणाले, "कोणी विचारलं नाही, कुठे शिकलीस म्हणून?"

"नाही."

"हां. बरोबर आहे. तिथे सगळ्यांनाच येत असणार."

जरासे हिरमुसले. मला ते दिसलं. काहीतरी दुसरं बोलायला हवं होतं म्हणून मी सरांची गोष्ट सांगितली. सरांनी सगळ्यांसमोर माझी जबाबदारी घेतली, पत्र लिहून दिलं, आता ट्रेनिंगलाही नाव देणार. चांगली बातमी सांगावी तशी सांगितली. आणि ती तशीच ऐकली गेली. अम्मीने सरांना दुवा दिल्या. अब्बा म्हणाले, "परक्याच्या पोरीसाठी आजकाल कोण लिहून देतं? मला त्यांना भेटलं पाहिजे."

मी नको म्हणाले. सर बिझी असतात, परीक्षा जवळ आलीय, जे सुचेल ते.

"उपकार मानायला लाज कसली?" अब्बा म्हणाले.

शनिवारी ते आले. अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, अर्धा किलो पेढे घेऊन. इमारतीच्या जिन्याच्या कठड्याला तळवा लावला तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना. हेही सांगितलं पाहिजे. त्या दिवशीसुद्धा मी पाहिलं.

सरांनी चांगलं स्वागत केलं. "या, या. बसा. आपण डिफेन्समध्ये ना? कुठल्या हुद्द्यावर आहात?"

"हुद्दा कसला साहेब. कामगार आहे मी. फिलिंगला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एक भुवई तेवढी वर गेली. "असं होय," ते म्हणाले. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. काचेखाली वेळापत्रक होतं, ते मी तीनदा वाचलं.

पेढा त्यांनी खाल्ला. आवडीने खाल्ला, कुठल्या दुकानातला ते विचारलं. मग म्हणाले, "मुलगी फार हुशार आहे हं आपली. आपल्या समाजातून मुली इतक्या पुढे येत नाहीत, म्हणून मला विशेष कौतुक."

"साहेब, तुमचे उपकार आहेत." अब्बांनी दोन्ही हात जोडले. ते पिवळे तळवे. "पोरीसाठी तुम्ही लिहून दिलं."

"अहो, त्यात काय. मी नुसतं तोंडाने बोलत नाही, कागदावर उतरवतो." सर उठले, कपाटातून फाईल काढली, पत्राची प्रत शोधून अब्बांपुढे ठेवली. "वाचा ना."

पत्र इंग्रजीत होतं. अब्बांनी ते उचललं, जवळ धरलं, लांब धरलं. मग माझ्याकडे दिलं. "बेटा, तू वाच. मराठीतून सांग, म्हणजे मलाही कळेल."

मी ते पत्र तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं. सुरुवातीला तारीख, केंद्राचा पत्ता, भेटीचा उल्लेख. ते मी घडाघड मराठीत सांगितलं. मग दुसरा परिच्छेद आला आणि मी थांबले.

एक शब्द होता. इंग्रजीत तो वाक्याच्या तोंडाशीच होता. तो गाळता येत होता. तो आणि पुढचे तीन शब्द उडवले की वाक्य सुरेख होत होतं: या मुलीची वागणूक चांगली आहे. अब्बा खूश झाले असते. पेढे देऊन, हात जोडून घरी गेले असते. ट्रेनिंग पक्कं होतं. गेली तीन वर्षं मी हेच तर करत होते. स्वतःला वाचून दाखवताना तेवढे शब्द उडवत होते.

"वाच ना," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपण काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं आणि त्यात वाईट काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

मी वाचलं.

"ही मुलगी मुसलमान असली तरी तिची वागणूक चांगली आहे. ती कोणत्याही गैरप्रकारात नाही, याची खात्री मी देतो, आणि तिच्या वर्तनाची जबाबदारी व्यक्तिशः घेतो."

पंखा फिरत होता. अब्बा म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"असली तरी? असं लिहिलंय?"

"हो, अब्बा."

"अहो, ती इंग्रजीची पद्धत असते," सर म्हणाले. "ऑफिसच्या भाषेत असंच लिहावं लागतं."

अब्बांनी जरा विचार केला. त्यांचा आवाज चढला नाही. "साहेब, बाकीच्या पोरांचं काय लिहिलं?"

"त्यांच्यासाठी लिहायची वेळच आली नाही."

"हिच्यासाठी आली?"

"येऊ नये म्हणूनच लिहिलं. आपल्याला माहीत आहे ना, दिवस कसे आहेत."

अब्बांचे जोडलेले हात कधी सुटले ते कळलं नाही, आता ते मांडीवर पालथे होते. सरांना वाटलं विषय संपला. ते माझ्याकडे वळले. "बरं, ट्रेनिंगची नावं सोमवारी जातायत. तुझं पहिलं आहे. हेच पत्र पुन्हा जोडतो, नुसती तारीख बदलून."

"सर, हे पत्र जोडू नका."

माझा आवाज कापला. मोठं बाणेदार वगैरे काही झालं नाही.

"का?"

"सर, फाटकावर कोणी मागितलं नव्हतं. ते म्हणाले, जरूरत नाही. तुम्ही दिलंत."

"अगं, मी काय तुझ्यावर संशय घेतला का? उलट मी—"

"पहिल्या नंबरावर नाव पाठवता तसं पाठवा. नुसतं. पत्र जोडायचंच असेल तर नाव पाठवू नका."

"भावनेच्या भरात बोलू नये," सर म्हणाले. आता त्यांचा चेहरा लाल झाला होता. दुखावले होते ते, खरोखर दुखावले होते. "मी माझं नाव पणाला लावलं तुझ्यासाठी. कोण करतं एवढं?"

"साहेब, लहान आहे ती," अब्बा घाईने म्हणाले. उठून उभे राहिले. "पोर आहे. माफ करा." आणि मला, "सरांशी असं बोलतात? सॉरी म्हण."

मी अब्बांकडे पाहिलं. आयुष्यात त्यांचा शब्द मी मोडला नव्हता.

"नाही म्हणणार," मी म्हणाले.

बाहेर आलो. अब्बा पुढे, मी मागे, सायकल हातात. खडकीच्या रस्त्याला लागल्यावर ते न वळता म्हणाले, "पढने का था. सब पढने का नहीं था." वाचायचं होतं, पण सगळं वाचायला नको होतं.

"आतापर्यंत गाळूनच वाचलं, अब्बा," मी म्हणाले. आणि मग तिथेच रस्त्याच्या कडेला, बस जात होत्या, मी त्यांना पट्टीचं खरं सांगितलं. त्या इंजिनिअरने विचारलं होतं. घरी कोणी या कामात आहे का, असं स्पष्ट विचारलं होतं. मी नाही म्हणाले. पुस्तकात वाचलं म्हणाले. फॉर्मवर डिफेन्स मी का लिहिलं, तेही सांगितलं.

ते थांबले.

"विचारलं होतं त्यांनी?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर मी उभी राहिले असते. त्यांनी माझ्या हातातून सायकल घेतली आणि चालायला लागले. पुढे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सरांना उलट बोलले म्हणून, ट्रेनिंग घालवलं म्हणून, की त्या दारात त्यांना नाकारलं म्हणून, हे मला कधी कळलं नाही. अम्मी म्हणायची, होईल सगळं ठीक. अब्बा पुढे बोलायला लागले, पण पट्टीचा विषय त्यांनी परत काढला नाही. रॉकेटचाही नाही. ते जाऊन आता काही वर्षं झाली. तेव्हा माफ केलं का, हे विचारायचं राहून गेलं. हे मी कोणाच्या सहानुभूतीसाठी सांगत नाही. ते असंच राहणार आहे.

सोमवारी दोन नावं गेली. माझं नव्हतं. अनघाचं होतं. ती रडली माझ्यापाशी. म्हणाली, "तू सॉरी म्हणाली असतीस तर?"

मंगळवारी मी कॉलेजच्या ऑफिसात गेले. खिडकीत एक वयस्कर क्लार्क बसायचे. चष्मा नाकावर, तोंडात कायम लवंग. त्यांना मी म्हणाले, विभागाच्या फाईलमध्ये माझ्याबद्दल एक पत्र आहे, ते काढून टाकायचं आहे.

"फाईलमधून कागद काढायची पद्धत नाही," ते वर न बघता म्हणाले.

"मग काय करता येईल?"

"कागद घालायची आहे."

मी फुलस्केप मागितला. खिडकीच्या फळीवरच उभ्याने लिहिला.

"विभागप्रमुखांनी माझ्याबद्दल दिलेल्या पत्रातील 'असली तरी' हे शब्द मला मान्य नाहीत. मी मुसलमान आहे आणि वर्गात पहिली आहे. माझी जबाबदारी घ्या असे मी कोणालाही सांगितलेले नाही. यापुढे माझ्या नावासोबत असे पत्र जोडायचे असल्यास माझे नाव पाठवू नये."

खाली सही. पूर्ण नाव, एक अक्षर न गाळता. त्याखाली, कोणी विचारलं नसताना, वडिलांचं नाव आणि व्यवसाय: कामगार, फिलिंग सेक्शन, दारूगोळा कारखाना, खडकी.

क्लार्कांनी कागद वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सरांना दाखवलंत?"

"तुम्ही दाखवा."

"राग येईल त्यांना."

"येऊ द्या."

"बरं." त्यांनी कागद ट्रेमध्ये टाकला आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.

"पोच द्या," मी म्हणाले.

"कसली पोच? साधा अर्ज आहे."

"शिक्का आणि सही. मी दुसरी प्रत लिहिते."

मागे रांग चुळबुळ करत होती. कोणीतरी "चला की हो" म्हणालं. मी दुसरा कागद घेतला आणि पहिल्या शब्दापासून सगळं पुन्हा लिहून काढलं. क्लार्कांनी उसासा टाकून शिक्का मारला, सही केली.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. माझ्याबद्दल लिहायचं असेल तर 'आणि' लिहा. 'तरी' लिहिणार असाल तर तुमची नोकरी, तुमचं कौतुक, तुमची जबाबदारी तुमच्यापाशी ठेवा. मी थँक यू म्हणणार नाही. मी कागद मागून घेईन, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचेन, एक शब्द न गाळता, आणि माझं उत्तर त्याच फाईलमध्ये घालून पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलणार नाही.